कानफाट्याची चाल

“देवाला सोडलेल्या जनावराच्या गळ्यात पुन्हा फास पडता कामा नये, देजिद. आणि हाक मारून बोलवायचं नाही. दिलं ते दिलं.”

भुरीच्या आयाळीत पहिली निळी पट्टी बांधताना सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं. त्यांचं नाव मी त्यांच्या हयातीत कधी घेतलं नाही, आता त्या गेल्यावर कशाला घेऊ. त्या हिवाळ्यात बर्फावर बर्फ गोठत गेलं आणि आमच्या चाळीस घोड्यांतले सहा उरले. त्या सहांत भुरी होती, वर्षभराचं शिंगरू. वसंतात सासूबाईंनी तिला देवाला सोडलं. मग तिच्यावर कधी खोगीर चढलं नाही, कुणी तिचं दूध काढलं नाही. दर पौर्णिमेला तळहातावरून मीठ द्यायचं आणि उन्हाळ्यात आयाळीतली पट्टी बदलायची, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं बोलवत नव्हतं. एकदा माझा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या, “फास?”

“नाही पडणार, आई,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि झोपल्या.

गेल्या शरदात भुरी आमचा कळप सोडून गेली. आमचा हिवाळी तळ खोऱ्याच्या तोंडाशी आहे. त्याच्या वर, टेकड्यांच्या पलीकडे, ताखींचं राखीव रान. ताखी म्हणजे रानघोडे. माणसाचं ओझं कधी पाठीवर न घेतलेले. त्या रानात पाळीव घोडा जाऊ द्यायचा नाही हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण भुरीला कोण अडवणार? ती आमच्या कळपात असायची तीही स्वतःच्या मर्जीनं.

तिची बातमी भर हिवाळ्यात ओचिरनं आणली. ओचिर त्या रानाचा राखणदार, माझ्या नवऱ्याचा लांबचा चुलतभाऊ. मोटारसायकल बाहेर उभी करून तो आमच्या गेरमध्ये, लोकरीच्या गोल तंबूत शिरला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि चहाची वाटी दोन्ही हातांनी घेत म्हणाला, “वहिनी, अभिनंदन. तुमच्या देवाच्या घोडीनं लग्न केलं.”

“कुणाशी?” जांबल म्हणाला. जांबल माझा नवरा. त्याला हसू आवरत नव्हतं.

“कानफाट्याशी.”

कानफाट्या म्हणजे वरच्या खोऱ्यातला ताखी नर. कुठल्याशा मारामारीत त्याचा डावा कान उभा चिरला, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. त्याच्या कळपात आठ माद्या आणि दोन शिंगरं होती. भुरी धरून आता माद्या नऊ.

“या वयात?” जांबल म्हणाला. “अठरा वर्षांची आहे ती.”

“दादा, प्रेमाला वय नसतं. पण रानाला कायदा असतो.” ओचिर गंभीर झाला. “वहिनी, हसण्यावारी नेऊ नका. वसंतात ती माजावर आली की मिश्र शिंगरू होणार. ताखी जगातून एकदा संपत आले होते. उरले ते परदेशातल्या पिंजऱ्यांत. तुम्हीच सांगता ना, विमानातून लाकडी पेटाऱ्यांत आले तेव्हा तुम्ही नवी नवरी होता?”

“हो,” मी म्हटलं. “आईंनी एकेका पेटाऱ्यावर दूध शिंपडलं होतं. एकानं आतून लाथ मारली आणि फळी त्यांच्या पायावर पडली. महिनाभर लंगडत होत्या, पण खूश होत्या.”

“मग. त्या रक्तात आपलं रक्त मिसळायचं नाही. पांढऱ्या महिन्याचं नवं वर्ष लागायच्या आत भुरी बाहेर निघायला हवी. नाही निघाली तर रानाच्या कचेरीतून चार स्वार येतील, फासकाठ्या घेऊन.”

मी चुलीत एक गोवरी सारली.

“फास नको,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे वहिनी. पण दुसरं कसं करणार?”

“मी आणते.”

जांबल हसला नाही, म्हणून मला बरं वाटलं. ओचिर मात्र हसला. “कशी? हाक मारायची नाही, दोरी लावायची नाही. चिठ्ठी पाठवणार का?”

“ते मला अजून माहीत नाही,” मी म्हटलं. “तू मला फक्त वर बसून बघू दे.”

ओचिरनं परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. कड्यावरच्या दगडांच्या राशीपाशीच बसायचं, खाली उतरायचं नाही. आणि घोड्यांना काहीही खायला घालायचं नाही. दोन्ही मी कबूल केल्या.

*

माझा दिवस तसाही अंधारातच सुरू होतो. देवापुढच्या सात वाट्यांत पाणी भरते, दिवा लावते, चहा ठेवते. पहिल्या चहाचं दूध बाहेर जाऊन आकाशाला, मग चारी दिशांना शिंपडते. मग माळेवर एकशे आठ मणी. हे एकही दिवस चुकलेलं नाही. मुलगी झाली त्या दिवशी माझ्याऐवजी सासूबाईंनी केलं. त्या महिन्यात त्यात आणखी एक काम वाढलं. सकाळचं आटोपलं की मेंढीच्या कातड्याचा डगला घालायचा, कमरेला घट्ट पट्टा बांधायचा आणि कड्यावर चढायचं. संध्याकाळी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा मिळून तास दोन तास. त्याहून जास्त वेळ बसलं तर पापण्या गोठतात.

पहिले तीन-चार दिवस मला काहीच कळलं नाही. मी फक्त भुरीकडे बघत होते. ती लांबूनही ओळखू यायची. बाकी सगळे गव्हाळ, पोटाखाली पांढरट, आयाळ ब्रशासारखी ताठ उभी, आणि त्यांत हिची आयाळ लोंबणारी आणि त्यात निळा ठिपका. ती रांगेत शेवटी असायची. तिनं खुरानं बर्फ उकरून गवत उघडं केलं की वयानं मोठी असलेली एक मादी यायची, कान मागे पाडायची, आणि भुरी मुकाट्यानं बाजूला होऊन दुसरीकडे उकरायला लागायची. मला वाईट वाटायचं. घरी तिला कुणी असं हटकलं नसतं. पण ती वाळलीही नव्हती. सकाळी ऊन टेकडीच्या आडोशाला पडलं की सगळ्यांच्या मध्ये उभी राहून पाय सैल सोडून झोपायची. एका शिंगराला तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायची सवय लागली होती.

एकदा मी घरी येऊन म्हटलं, “ती सुखात आहे हो.”

जांबल बूट चुलीपाशी वाळवत होता. “माझी आत्याही सासरी सुखात होती. तरी सणाला माहेरी आणायचोच आम्ही.”

“ही सणापुरती नाही आणायची.”

“माहीत आहे. मी आपलं बोललो.” बूट उलटा करून त्यानं आतला लोकरीचा नमदा काढला. “तुला आणायची नसेल तर तसं सांग. मी ओचिरशी भांडतो.”

भांडण करून काही होणार नव्हतं, आणि ओचिरचं म्हणणं खोटंही नव्हतं. मला फास नको होता, एवढंच.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून मी भुरीला सोडून कानफाट्याकडे बघायला लागले. चंद्र भरत होता. संध्याकाळी सूर्य अजून टेकत असायचा तोवर पूर्वेला चंद्र चांगला वर आलेला असायचा. बर्फावर दोन्हीकडून उजेड. त्या उजेडात कानफाट्याचा एक नेम माझ्या लक्षात आला. रोज त्याच वेळी तो कळपापासून निघायचा आणि खालच्या सपाटीवरच्या लिदेच्या ढिगापाशी जायचा. पलीकडच्या खोऱ्यातला एक तरुण नर तिथे यायचा. दोघं ढीग हुंगायचे, एकमेकांचं नाक हुंगायचे, एकदम किंचाळायचे, पुढचा पाय आपटायचे. मग आळीपाळीनं ढिगावर लीद टाकून आपापल्या वाटेनं परत. रोज हेच, जसं आपल्याकडे दोन म्हातारे कुंपणापाशी भेटून त्याच त्याच गोष्टीवरून वाद घालतात. सगळ्याला वेळ किती, तर दोन वाट्या चहा पिण्याइतका.

एवढं बघूनही मी शहाणी झाले नाही. आधी मूर्खपणा करून झाला.

*

पौर्णिमेला मी मांस खात नाही आणि सूर्य मावळेपर्यंत बोलत नाही. जांबलला तो दिवस फार आवडतो.

“आज माझं राज्य,” त्या दिवशी सकाळी तो चहा ओतून घेत म्हणाला. “देजिद, मी म्हणतो यंदा सणाला खिमा भरलेले बूझ पाचशेच करू. हजार कशाला? काही हरकत नाही ना? नाही. छान. आणि माझा तो जुना डगला टाकायचा नाही. त्यालाही हरकत नाही? बघ, किती समजूतदार बायको आहे माझी.”

मी त्याच्या वाटीत आणखी चहा ओतला, काठोकाठ, म्हणजे त्याला वाटी उचलता येऊ नये.

बर्फ वर फार साचलं होतं म्हणून ताखी खाली सरकले होते; आमच्या बाजूच्या उतारावर, रानाच्या अगदी हद्दीपाशी. भुरीचं पौर्णिमेचं मीठ मी आमच्या तळामागच्या सपाट दगडापाशी देत आले. ती रानात गेल्यावर दगडावर ठेवत होते. तसंच राहायचं, मग मेंढ्या चाटायच्या. त्या दिवशी मनात आलं, आज ती जवळ आहे. मीठ म्हणजे काही फास नाही, हाकही नाही. आणि दगड हद्दीच्या अलीकडे, आमच्या जमिनीवर. म्हणजे ओचिरची अटही मोडत नाही. मी सासूबाईंची मिठाची पिशवी घेऊन गेले आणि नेहमीसारखी तळहातावर घेतली. चंद्र पश्चिमेच्या कड्यावर टेकला होता, वारा माझ्या पाठीकडून वर जात होता.

भुरीनं मान वर केली. बघितलं. मग ती निघाली, आधी चालत, मग दुडक्या चालीनं. मला इतका आनंद झाला की डोळे भरले आणि लगेच गोठले.

तिच्यामागून कानफाट्या निघाला, तिला परत वळवायला. त्याच्यामागून आठ माद्या. त्यांच्यामागून दोन शिंगरं.

भुरी माझ्यापाशी येऊन मीठ चाटायला लागली, तोवर पंधरा-वीस पावलांवर रानातला अख्खा कळप. त्यांच्या नाकांतून वाफ निघत होती, मिशांवर बर्फाचे मणी. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर मी सगळं विसरले. मग आमच्या कुंपणातून काळ्या खिंकाळला. काळ्या आमचा नर. कानफाट्यानं चिरलेला कान पुढे केला आणि मान ताठ केली.

दोघं भिडले असते तर एकाचा तरी पाय मोडला असता. आणि मोडल्या पायाचा घोडा या थंडीत जगत नाही. कुंपण कमरेएवढं. जांबल आत चहा पीत होता. धावत जाऊन दार वाजवायचं, तर मी हलले की कळप उधळणार, आणि उधळला तर कुठल्या बाजूला, कोण सांगणार. सूर्य नुकता उगवला होता. माझं मौन संपायला अख्खा दिवस बाकी.

“अहो,” मी म्हटलं, जरा मोठ्यानं. “काळ्याला आत घ्या. लगेच.”

मी बोलले म्हणूनच जांबल धावला, असं तो नंतर म्हणाला. पौर्णिमेला बायको बोलली म्हणजे आग तरी लागली असणार. त्यानं काळ्याला कानाला धरून मेंढ्यांच्या गोठ्यात कोंडलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. काळ्या आतून लाथा मारत होता आणि दर लाथेला जांबल थोडा पुढे सरकत होता.

ओचिरला कुठून तरी दिसलं असावं. तो मोटारसायकलवरून आला, लांबून वळसा घालून हळूहळू कळपाच्या खालच्या अंगाला गेला आणि इंजिन गुरगुरवत त्यांना वर पाठवत राहिला. कानफाट्यानं सगळ्यांना गोळा केलं. भुरीलाही. ती मिठाचं तोंड चाटत परत गेली.

ओचिर आमच्या दाराशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता, निम्मा थंडीनं आणि निम्मा भीतीनं. “वहिनी, मी एक घोडी मागितली होती. तुम्ही सगळं वऱ्हाड आणलंत.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. मौन तसंही मोडलंच होतं.

“हे कचेरीला कळवावं लागेल मला. लपवता येणार नाही, टेकडीवरून आणखी दोघांनी पाहिलंय.” तो बसला आणि त्यानं चहाची वाटी घेतली. “आता ते थांबणार नाहीत. परवा सकाळी स्वार येतील.”

“परवा सकाळी,” मी म्हटलं. “म्हणजे उद्याची संध्याकाळ माझी.”

“वहिनी.”

“मीठ नेणार नाही. हाक मारणार नाही. पण मला खाली उतरू दे, एकदाच. कानफाट्या ढिगापाशी गेला की.”

तो जांबलकडे बघायला लागला. जांबल म्हणाला, “माझ्याकडे काय बघतोस? मी आज नऊ लाथा खाल्ल्यात, त्याही दारातून. ती म्हणते तसं कर.”

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसून मौन मोडल्याबद्दल क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचं ठरवलं. मग अंथरुणात पडल्या पडल्या उजळणी केली. मीठ दाखवलं की भुरी धावते. भुरी धावली की तो धावतो. तो धावला की सगळे. म्हणजे समोरून बोलावणं हीच चूक होती. मग कानफाट्या काय करतो? कधी त्यानं एखाद्या मादीला समोरून बोलावलेलं मी पाहिलं होतं? नाही. तो नेहमी मागून येतो. मान जमिनीपर्यंत खाली घालतो, नाक पुढे, थोडासा डाव्या अंगाला, आणि घाई न करता चालत राहतो. मादी त्याच्याकडे बघतही नाही. ती फक्त चालायला लागते, त्याला हवं तिकडे.

दहा दिवस मी हे रोज पाहत होते.

*

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या सुमारास ओचिर आणि जांबल कड्यावर दगडांच्या राशीपाशी बसले, ओचिरच्या हातात दुर्बीण. मी खाली, एका ओघळात बसले होते. मौन पाळत होते, त्यामुळे जांबलनं जाताना विचारलं, “भीती वाटते का?” तेव्हा मी मान हलवली, आणि ती हो की नाही हे त्याला कळू नये अशी हलवली.

आकाश हिरवट झालं. कानफाट्या निघाला. त्याची पाठ टेकाडाआड गेली तशी मी उठले आणि कळपाला मोठा वळसा घालून भुरी आणि इतर माद्या यांच्या मध्ये गेले. तिच्याकडे बघितलं नाही. तिनं मला ओळखलं, नाकपुड्या फुगवून तळहात शोधायला लागली. मी हात पाठीमागे घेतले, मान खाली घातली, अगदी छातीवर हनुवटी येईपर्यंत, आणि वाकून चालायला लागले. तिच्या मागून, थोडीशी डावीकडून.

ती उभीच राहिली. मी आणखी दोन पावलं टाकली. माझं डोकं तिच्या मांडीला लागेल इतक्या जवळ.

मग ती चालायला लागली.

मी थांबले नाही. बर्फ गुडघ्यापर्यंत होतं आणि वाकून चालताना डगल्याची गळपट्टी हनुवटीला कापत होती. मला फक्त तिचे मागचे खूर दिसत होते, आणि पुढे निळसर बर्फ. मोठी मादी एकदा फुरफुरली, पण मागून आली नाही. आम्ही पळत नव्हतो, म्हणून तिला काही गडबड वाटली नसावी. खूर, बर्फ, खूर. कधीतरी बर्फावर माझी सावली माझ्या पुढे पडली, लांबलचक. पाठीमागे चंद्र उगवला होता.

आणि त्या सावलीशेजारी आणखी एक सावली आली.

मी उभी राहिले. वळले नाही. सासूबाई म्हणायच्या, रानातल्या जनावराच्या डोळ्यांत बघणं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरणं. त्या सावलीला एक कान अखंड होता आणि एक दोन टोकांचा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी मान आणखी खाली घातली आणि मनात मणी मोजायला लागले. सतरा झाले, अठरा झाले. भुरीही थांबली होती, शेपूट स्थिर.

खालच्या सपाटीवरून त्या तरुण नराची किंचाळी आली. लांबून नाही, माद्यांच्या बाजूनं. आज कानफाट्या ढिगापासून लवकर परतला होता, आणि पोराला तेवढ्यात धाडस झालं होतं. एक भुरी, आणि तिकडे आठ माद्या आणि दोन शिंगरं. सावली वळली. खुरांचा आवाज उताराखाली गेला आणि बर्फात विरला.

मी मान वर केली नाही. तशीच पुढे चालत राहिले, आणि भुरी माझ्यापुढे, हद्दीच्या दगडावरून, ओघळातून, आमच्या तळाच्या धुराच्या वासापर्यंत.

जांबल आणि ओचिर मागून आले. ओचिरच्या पापण्यांवर बर्फ होतं, तरी तो हसत होता. “वहिनी, मी दुर्बिणीतून बघत होतो. मला वाटलं दहावी मादी आली.”

“मादी कसली,” जांबल म्हणाला. “नर होती ती. मीच लग्नाआधी नीट चौकशी केली नाही.”

सूर्य कधीच मावळला होता. मौन संपलं होतं. पण मला हसू येत होतं आणि हसता हसता बोलता येत नव्हतं.

*

चहा पिताना ओचिर म्हणाला, “स्वारांना मी आत्ताच कळवतो, येऊ नका म्हणून. पण वहिनी, इथे ठेवलीत तर ही उद्या दुपारपर्यंत परत वर जाईल. कुंपणात कोंडणार नाही ना तुम्ही?”

“नाही.”

“बांधणार नाही.”

“नाही.”

“मग?”

“नदीपलीकडे, यांच्या बहिणीकडे,” मी म्हटलं. “तिथून ती परत येणार नाही. नदीला पाणी आलं की तिला ओलांडवत नाही. वसंत आणि उन्हाळा तिकडे निघाला की झालं.”

“दोन दिवसांची वाट आहे. दोरी नसली तर तीन.”

“तीन.”

जांबलनं वाटी खाली ठेवली. “मी घोड्यावरून नेतो. तुझे गुडघे...”

“घोड्यावरून हाकलं तर ती पळेल. आणि आईंनी तुम्हाला नव्हतं विचारलं.”

त्यानं आपले बूट ओढून घेतले. मग म्हणाला, “मी मागून उंटावर अंथरूण आणि शेगडी घेऊन येतो. अर्धा कोस मागे राहीन. तुला दिसणारही नाही.”

“मेंढ्यांचं कोण बघणार?”

“ओचिर.”

ओचिरनं चहा गिळला. “मी?”

“लग्नाची बातमी आणलीस ना,” जांबल म्हणाला, “मग पाठवणीचंही बघ. आणि बुझांचं पीठ मळून ठेव. हजारांचं. बायको आता बोलते आहे.”

सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले. पाणी भरलं, दिवा लावला. चहाचं पहिलं दूध बाहेर नेलं. चंद्र पश्चिमेला होता, एका बाजूनं किंचित झिजलेला, आणि त्याचा उजेड अजून बर्फावर. वर कड्याच्या कडेवर ताखी ओळीनं उभे होते, काळे काळे, मी मोजले. अकरा. सगळे होते. मी त्यांच्याही दिशेनं दूध शिंपडलं.

भुरी गेरच्या आडोशाला उभी होती, अर्धवट झोपेत, एक मागचा पाय सैल. मी डगल्याचा पट्टा आवळला, वाळवलेल्या दह्याचे चार तुकडे आत छातीशी खोचले आणि जांबलला उठवलं नाही. त्याला उंट लादायला तासभर लागणारच होता. मग तिच्या मागून, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले, मान खाली घातली, आणि आम्ही नदीच्या दिशेनं चालायला लागलो.